सोचेच्या संगमावर

स्लोव्हेनिया देशाच्या वायव्य भागात, ज्यूलियन आल्प्सच्या चुनखडी शिखरांमधून वाट काढीत आलेली सोचा नदी टोल्मिन नावाच्या गावापाशी पोहोचते, आणि गावाच्या खालच्या अंगाला टोल्मिन्का ही दुसरी, लहान पण अधिक खळाळती नदी तिला येऊन मिळते. या दोन प्रवाहांच्या बेचक्यातील गवताळ, झाडीने वेढलेल्या सखल जागेला तेथील लोक सोतोच्ये, म्हणजे संगम, असेच म्हणतात. गावची वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. एरवी हे गाव आपल्या चीजसाठी आणि पहिल्या महायुद्धातील रणक्षेत्र म्हणून परिचित आहे. परंतु २००४ सालापासून २०१९ सालापर्यंत दर उन्हाळ्यात एक आठवडा असा येत असे, की गावच्या वस्तीच्या कित्येक पट माणसे, बहुतेक सारी काळ्या वेषातली, पाठीवर तंबूच्या वळकट्या घेऊन या संगमावर उतरत आणि रॉक व मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रखर संगीताचा मेळा तेथे भरे. आरंभी त्याचे नाव मेटलकॅम्प असे होते. २०१३ सालापासून तो मेटलडेज झाला. २०१८ सालच्या जुलै महिन्यात, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे शिकत असलेल्या माझ्या भाच्यासह, मी या मेळ्याला गेलो.

तेथे जाण्याचा सर्वांत रम्य मार्ग लोहमार्गाचा. ल्युब्ल्याना या राजधानीहून निघून येसेनित्से येथे गाडी बदलली, की १९०६ साली वाहतुकीस खुला झालेला बोहिन लोहमार्ग सुरू होतो. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने आपले अंतर्भागातील प्रांत त्रिएस्त बंदराशी जोडण्यासाठी हा मार्ग डोंगर पोखरून काढला आणि युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच युवराजाचा आठ वर्षांनी सारायेव्होत खून झाला, आणि त्या खुनाच्या निमित्ताने जे महायुद्ध पेटले, त्यात याच रुळांवरून तोफा, दारूगोळा आणि माणसे सोचेच्या आघाडीवर रवाना झाली. डब्याच्या खिडकीतून ब्लेडचे सरोवर क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. मग बोहिंस्का बिस्त्रित्सा स्थानकानंतर गाडी सहा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा म्हणजे एक जलविभाजक आहे. त्याच्या अलीकडे पडलेल्या पावसाचे पाणी सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या वाटेने काळ्या समुद्राला मिळते, तर पलीकडे पडलेले पाणी सोचेतून एड्रियाटिक समुद्राला जाते. मोटारी लादलेले उघडे वाघिणीचे डबेही या मार्गावर धावतात, कारण वर खिंडीतून जाणारा रस्ता वळणावळणाचा आणि वेळखाऊ आहे. बोगद्याबाहेर पडताच दरीचे रूप पालटते, उतार तीव्र होतो, आणि मोस्त ना सोची या स्थानकावर उतरल्यानंतर टोल्मिन केवळ पाचेक किलोमीटर राहते. आमच्या डब्यात भाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोन वृद्ध स्त्रिया होत्या आणि कवटीची चित्रे छापलेले सदरे घातलेले आठदहा जर्मन तरुण होते. त्यांपैकी एकाने उतरताना त्या टोपल्या फलाटावर अलगद ठेवल्या, आणि म्हातारीने त्याच्या दाढीकडे कौतुकाने पाहत त्याच्या हातावर मूठभर जर्दाळू ठेवले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माझ्यासारख्या माणसाने इतक्या दूर, आणि अशा संगीतासाठी, का जावे, असा प्रश्न घरी विचारला गेला होता. त्याचे उत्तर मुंबईत धोबीतलावाला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी आहे. तेथील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९७८ सालापासून जाझ यात्रा भरली आणि १९८६ सालापासून इंडिपेंडन्स रॉक या नावाने होणारे रॉकसंगीताचे संमेलन भरले. माझ्या महाविद्यालयीन वर्षांत गिरगाव, दादर, डोंबिवली, ठाणे अशा ठिकाणांहून आलेली मुले तेथे पावसात भिजत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यात मीही होतो. पुढे रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून निश्चित करणारे नियम २००० साली आले, आणि सभोवती इस्पितळे असलेल्या रंगभवनाचा खुला मंच संगीताला बंद झाला. आजाऱ्यांना शांतता मिळालीच पाहिजे, याविषयी कोणाही समंजस माणसाचे दुमत होणार नाही. परंतु शहराने जी जागा काढून घेतली, तिच्या मोबदल्यात तशी दुसरी जागा नेमून दिली नाही, ही गोष्ट माझ्या मनाला सदैव टोचत राहिली आहे. एखाद्या कलेला रसिक लाभले म्हणजे अर्धेच काम झाले. तिला जागा लागते, आणि जागेची तजवीज करणे हे कारभाराचे, कायद्याचे व शेजारधर्माचे काम आहे. जगातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या संगीताला एका चिमुकल्या डोंगरी गावाने आपल्या वेशीवर जागा दिली, ती कशी, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते.

प्रवेशिकेच्या मूल्यातच तंबू ठोकण्याची मुभा अंतर्भूत होती. मनगटावर कापडी पट्टी बांधून घेतली, कचऱ्यासाठी पिशव्या घेतल्या, आणि टोल्मिन्केच्या काठी वृक्षांच्या सावलीत आम्ही जागा धरली. भाच्याने तंबूभोवती हातभर खोलीचा चर मारायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या तंबूतील पोलिश गृहस्थाने न बोलता आपले फावडे त्याच्या हाती दिले. ज्यूलियन आल्प्स हा युरोपातील सर्वाधिक पर्जन्याच्या प्रदेशांपैकी एक आहे. समुद्रावरून येणारे बाष्प या पहिल्याच उंच भिंतीवर आदळते, जसे आपल्याकडे सह्याद्रीवर. फरक इतकाच, की तेथे उन्हाळ्यातील पाऊस बहुधा तिसऱ्या प्रहरी, कडकडाटासह, तासाभरासाठी येतो आणि जातो. पहिल्याच दिवशी तो आला. विजेच्या लोळाने समोरचा कोझ्लोव्ह रोब नावाचा किल्ल्याच्या अवशेषांचा डोंगर उजळून निघाला, मंचावरील वाद्ये झाकली गेली, आणि कोणी पळापळ केली नाही. हजारो माणसे गवतावर तशीच उभी राहून त्या पर्जन्याला टाळ्या देत राहिली.

जागेच्या निवडीत मोठा विचार आहे, हे दोन दिवसांत ध्यानात आले. गाव नदीच्या वरच्या पायरीवर आहे आणि सोतोच्ये खालच्या. मधली दरड आणि झाडी यांमुळे मंचावरून निघणारा ध्वनी थेट घरांच्या खिडक्यांवर जाऊन आदळत नाही. तरीही डोंगर त्याला परत पाठवतातच. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, आणि अशा हवेत ध्वनिलहरी वरच्या दिशेने वळतात; म्हणून दुपारचे वादन काहीसे विरळ, उडून गेल्यासारखे ऐकू येते. सूर्य डोंगराआड गेला, की शिखरांवरची गार हवा नदीच्या पात्राने खाली उतरते, वर उबदार थर राहतो, आणि त्याच लहरी आता खाली वळून जमिनीलगत दूरवर पोहोचतात. रात्रीच्या वादनाला जे वजन येते, त्याचे श्रेय जितके विद्युत्यंत्रांना, तितकेच या हवेला द्यावे लागेल. ढोलाचा एक आघात छातीवर लागतो आणि क्षणभराने त्याचाच मंद प्रतिसाद पलीकडच्या उतारावरून येतो. पहिल्या रात्री भाच्याने मला मंचापुढे नेण्यापूर्वी मेणाचे बोळे हातात दिले आणि बजावले, “मामा, आधी हे कानात घाला, मग पुढं चला. इथं कोणी शूरपणा करत नाही.” खरोखरच, आजूबाजूला पाहिले तर जुन्या, अनुभवी श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या कानांत बोळे होते. ते घातल्यावर कर्कशता गाळली जाते आणि स्वरांची मांडणी उलट अधिक स्पष्ट होते.

या संगीताविषयी आपल्याकडे जो समज आहे, तो ऐकीव आहे. त्याचा उगम बहुतेक जाणकार बर्मिंगहॅम या इंग्लंडातील कारखानदारीच्या शहरात मानतात. तेथील ब्लॅक सबाथ या चौघांच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालच्या फेब्रुवारीत निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम त्याच हाताकडे होते. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, हलक्या तारा वापरल्या, आणि पुढे त्या उतरवून, म्हणजे सैल करून, लावल्या. त्यामुळे स्वर खाली, मंद्रात गेला आणि एक जड, काळोखी नाद जन्माला आला. त्या वाद्यवृंदाच्या नावाच्याच गीताचा आरंभ पाहावा : षड्ज, त्यानंतर तार षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. इतकेच तीन स्वर. षड्जाशी तीव्र मध्यमाचे जे अस्वस्थ करणारे नाते आपल्याकडे मारव्याच्या किंवा पूरियाच्या संध्याकाळी अनुभवास येते, तेच येथे कसलाही विस्तार न करता, उघडेवाघडे समोर ठेवले आहे. पुढे या पंथात जी स्वररचना विशेष रूढ झाली, ती कोमल ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद यांची, म्हणजे आपल्या भैरवी थाटाची. आपल्याकडे मैफलीच्या अखेरीस कारुण्य आणि निरोप यांचे जे स्वर, त्यांतून या लोकांनी संकटाची चाहूल निर्माण केली. खालची तार एकसारखी छेडीत तिच्यावर स्वरवाक्ये रचण्याची पद्धत ऐकताना मला वारंवार तंबोऱ्याचे स्मरण झाले, आणि विलंबित लयीत वाजवणाऱ्या एका डूम पंथाच्या वाद्यवृंदाचे वादन तर मी डोळे मिटून, षड्ज धरून ऐकले.

गायनाची ती घोगरी, गर्जनेसारखी रीतही अभ्यासाने येते. खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या मांसल घड्या असतात, त्यांना कंपित करून आणि श्वास पोटातून काटकसरीने सोडून हा आवाज काढतात. ज्याला केवळ ओरडणे येते, त्याचा गळा दोन दिवसांत बसतो. तालवाद्याचा वादक दोन पायांनी दोन पेडल दाबीत मोठ्या ढोलावर अखंड द्रुत लय धरतो आणि त्याच वेळी हातांनी वेगळी वाक्ये वाजवतो. लहान मंचावर दुपारी एका स्थानिक तरुण वाद्यवृंदाचे वादन होते. पुढे पन्नासही श्रोते नव्हते. मी मंचाच्या कडेला, वादकाच्या पायांपासून चार हातांवर उभा होतो. त्याने बूट काढून ठेवले होते, पायांत पातळ मोजे होते, आणि प्रत्येक गीताच्या आधी तो दोन्ही घोट्यांना मिनिटभर चोळून घेई. मग डोळे मिटून ओठांनी मात्रा मोजी आणि नंतरच काठी उचली. एका गीताच्या मध्यावर लय दुप्पट झाली, तेव्हा त्याच्या मांड्यांचे स्नायू थरथरताना दिसत होते आणि चेहरा मात्र पूर्ण स्थिर होता. आपल्या तबलावादकांच्या बैठकीत ज्या साधनेला आपण मान लववतो, तीच साधना ही आहे, याविषयी माझ्या मनात त्या दुपारनंतर किंतु राहिला नाही.

मुख्य मंचाला इयन फ्रेझर किल्मिस्टर ऊर्फ लेमी याचे नाव दिलेले होते. मोटरहेड या वाद्यवृंदाचा हा गायक २०१५ सालच्या डिसेंबरात निवर्तला. आम्ही गेलो त्या वर्षीच्या मेळ्यातील मोठे आकर्षण होते जुडास प्रीस्ट हे, बर्मिंगहॅमचेच, जवळजवळ अर्धशतक वाजवीत आलेले मंडळ. चामड्याचा आणि धातूच्या फुल्यांचा जो वेष आज या संगीताची खूण मानला जातो, तो रूढ केला यांनीच. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. तार सप्तकातील जी टीप त्याने तरुणपणी प्रसिद्ध केली, ती त्या रात्री त्याने लावली तेव्हा ती काहीशी अरुंद झालेली होती, पण सुरात होती, आणि तिच्यासाठी वाकून, कंबरेतून बळ गोळा करून त्याला करावी लागणारी शिकस्त स्पष्ट दिसत होती. वार्धक्यातील गायकाचा मोठेपणा आपण मराठी श्रोते फार चांगला ओळखतो. माझ्या शेजारी पंचविशीतली एक क्रोएशियन मुलगी आणि तिचे वडील खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि दोघांनाही प्रत्येक गीत अक्षरशः पाठ होते.

मंचापुढच्या गर्दीत जी धक्काबुक्की चालते तिचे भय मला होते, तेही तेथे ओसरले. गर्दीच्या मध्यभागी वर्तुळ मोकळे होते, त्यात तरुण मंडळी एकमेकांवर आदळतात, गोल धावतात. पण कोणी खाली पडले की आजूबाजूचे चार हात त्याला तत्क्षणी उचलतात, आणि हा नियम कोठेही लिहिलेला नसूनही तो कोणी मोडीत नाही. ज्याला त्यात जायचे नाही, त्याला वर्तुळाच्या कडेवर उभे असलेले धिप्पाड लोक पाठीने आडोसा देतात. दिवसा हीच माणसे नदीकाठी असत. सोचेचे पाणी पाचूसारख्या रंगाचे आणि इतके नितळ, की तळातील पांढरे गोटे मोजता येतात. टोल्मिन्केचे पाणी त्याहूनही गार असून संगमावर एक पाऊल इकडे आणि एक तिकडे ठेवले तर हा भेद पायांना लगेच कळतो. एका दुपारी तेथे पाण्यात पाय सोडून बसलेला एक इसम आपल्या बाह्या कापलेल्या डेनिमच्या जाकिटावर कापडी बिल्ला शिवीत होता. सुईत त्याने ओवला होता दातांच्या फटी साफ करण्याचा मेणलेला धागा. तो कुजत नाही आणि तुटत नाही, असे त्याने समजावून सांगितले. जाकिटाच्या पाठीवर एकही बोट मोकळे नव्हते. प्रत्येक बिल्ला ज्या मैफलीत घेतला, ती मैफल, तिचे गाव, सोबतचे मित्र, हे सारे तो मला टाक्याटाक्याला थांबून सांगत होता, आणि एका बिल्ल्याशी येऊन थांबला, कारण त्या मैफलीत सोबत असलेल्या मित्राचे निधन झाले होते.

खाण्याची आबाळ होत नाही. मैदानावर भाजलेले मांस आणि बिअर यांची रेलचेल असली, तरी गावात वर चढून गेल्यास फ्रिका मिळते : बटाटा आणि टोल्मिनचे चीज यांची तव्यावर खरपूस परतलेली जाड थाळीपिठासारखी चकती. शाकाहारी माणसाचा दिवस तिच्यावर सुखाने निघतो. सकाळी गावातील पावाच्या दुकानापुढे काळ्या सदऱ्यांची लांब रांग लागे आणि त्या रांगेत शाळकरी मुले, पोस्टमन, आजीबाई निर्धास्तपणे उभ्या असत. दुकानदारीणबाईंना मी विचारले, त्रास होत नाही का. त्या म्हणाल्या, रात्री आवाज येतो, आणि आठवडाभराने तो थांबला की घर उगीच रिकामे वाटते; पण ही मुले कृपया आणि आभारी आहे हे दोन शब्द आमच्या भाषेत शिकून येतात.

एका सकाळी आम्ही टोल्मिन्केच्या काठाने वर याव्होर्त्सा येथील स्मारक-मंदिर पाहण्यास गेलो. १९१५ सालच्या जूनपासून १९१७ सालच्या नोव्हेंबरपर्यंत इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात सोचेच्या काठी बारा लढाया झाल्या. या शिखरांवर माणसे लाखांनी पडली. सिमोन ग्रेगोर्चिच या येथल्याच, कोबारिदजवळ जन्मलेल्या कवीने, त्या युद्धाच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, सोचेला उद्देशून लिहिलेल्या कवितेत तिच्या काठी रक्त सांडेल असे भाकीत केले होते. बारावी लढाई १९१७ सालच्या २४ ऑक्टोबरला सुरू झाली, जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी इटलीची आघाडी फोडली, आणि तिला पार पिछाडीला रेटले. हेमिंग्वेने ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीत त्याच माघारीचे वर्णन केले आहे. याव्होर्त्साचे लाकडी मंदिर मात्र त्याआधीचे, १९१६ सालचे. आघाडीच्या मागे, तोफांच्या आवाजात, ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांसाठी ते स्वतःच्या हातांनी बांधले. आराखडा व्हिएन्नाच्या रेमिगिउस गाइलिंग याचा. बाहेरच्या भिंतींवर साम्राज्यातील वीस प्रांतांची राजचिन्हे रंगवली आहेत. आत निळा, काळा, पांढरा आणि सोनेरी हे रंग, आणि भिंतीलगत फळ्याफळ्यांवर डागून लिहिलेली २,५६४ मृतांची नावे. त्या फळ्या दारूगोळ्याच्या पेट्यांच्या आहेत. मी जवळ जाऊन एक फळी पाहिली : अक्षरांच्या कडा जळून करपलेल्या, ओळी सरळ, आणि एका नावाखाली दुसरे नाव, हंगेरियन, चेक, स्लोव्हेन, युक्रेनी, पदाचा किंवा धर्माचा विचार न करता.

त्या मंदिरात आमच्याखेरीज मेळ्यातलीच दहाबारा मंडळी होती. सदऱ्यांवर कवट्या, हाडे, तोफा यांची चित्रे. त्यांनी टोप्या काढल्या, पायातले बूट झाडून आत आले, आणि त्यांतील एक युक्रेनी तरुण बराच वेळ फळ्यांवरची नावे बोटाने एकेक करून वाचत राहिला. मृत्यूच्या या चित्रांना सवंग म्हणण्याची आपली सवय आहे. पण ब्लॅक सबाथने १९७० सालीच युद्ध पुकारणाऱ्या सत्ताधीशांवर गीत रचले होते. मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या ‘वन’ या गीताचा नायक पहिल्या महायुद्धात हातपाय, डोळे आणि वाचा गमावलेला सैनिक आहे, आणि ती कल्पना डाल्टन ट्रंबो याच्या १९३९ सालच्या युद्धविरोधी कादंबरीतून आली आहे. ल्विव्ह शहरातील एका मेटल वाद्यवृंदाने तर ‘१९१४’ हेच नाव धारण केले आहे. युद्धाचा जो विषय सभ्य मैफलीत येत नाही, तो या संगीताने पन्नास वर्षे सोडलेला नाही. आणि सोतोच्येच्या मैदानाला लागूनच, नदीकाठच्या झाडीत, बाराव्या लढाईत पडलेल्या सुमारे एक हजार जर्मन सैनिकांच्या अस्थी ठेवलेले दगडी अस्थिगृह आहे. तीसच्या दशकात, हा मुलूख इटलीच्या अमलाखाली असताना, जर्मनीने ते बांधून घेतले. तंबूंकडून पाण्याकडे जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीस ते पडल्याशिवाय राहत नाही.

या गावाचा स्वभाव समजण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १७१३ साली टोल्मिनच्या शेतकऱ्यांनी नव्या करांच्या आणि वसुलीच्या जुलमाविरुद्ध बंड केले, ते फौज धाडून मोडण्यात आले आणि पुढच्या वर्षी गोरित्सिया येथे त्यांच्या अकरा म्होरक्यांचा शिरच्छेद झाला. बाहेरच्या सत्तांचे अंमल या दरीने एकामागून एक पाहिले : व्हिएन्ना, रोम, मग बेलग्रेड. वरून लादलेला गोंगाट काय असतो, हे जाणणाऱ्या गावाने, स्वतःच्या राजीखुशीने, मुदत ठरवून, अटी घालून, एका विशिष्ट गोंगाटाला जागा दिली, यात मला विसंगती वाटत नाही. त्याच मैदानावर, तशाच मंचांवर, मेटलनंतर पंक संगीताचा आणि रेगे संगीताचाही मेळा आपापल्या मुदतीत भरत असे. जागा एक, नळ, शौचकूप, वीज यांची व्यवस्था एक, आणि पाहुणे निरनिराळे. आम्ही निघालो त्या सकाळी कामगार मंच उतरवीत नव्हते. ते फळ्या धूत होते. अशी कायमची सोय सह्याद्रीत एखाद्या धरणाखालच्या माळावर, वस्तीपासून योग्य अंतरावर, का होऊ नये, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुंबईपुण्यातील मेटल वाजवणारी मुले युरोपातल्या मंचांवर जाऊन आली आहेत, त्यांना घरच्या डोंगरात मात्र मंच नाही.

२०१९ नंतर मेटलडेज टोल्मिनला भरला नाही. महासाथीची दोन वर्षे गेल्यावर २०२२ साली त्याचे बिऱ्हाड वेलेन्ये येथील तळ्याकाठी हलले, आणि संगमावर टोल्मिनेटर या नावाने मेटलचा दुसरा, आकाराने लहान मेळा भरू लागला. ज्यांना जायचे असेल त्यांनी तो पाहावा. पाऊस सोसणारा तंबू, जाड तळव्यांचे बूट आणि कानांचे बोळे न्यावेत, एक दिवस याव्होर्त्सासाठी आणि एक कोबारिदच्या युद्धसंग्रहालयासाठी राखून ठेवावा, आणि परतताना ल्युब्ल्यानाकडे न वळता मोस्त ना सोचीहून दक्षिणेकडे, नोव्हा गोरित्साच्या गाडीत बसावे. त्या मार्गावर सोल्कान येथे सोचेवरचा दगडी पूल लागतो. त्याची पंच्याऐंशी मीटर गाळ्याची मुख्य कमान ही लोहमार्गावरील दगडी कमानींमध्ये जगात सर्वांत मोठी आहे. १९१६ साली युद्धात ती उडवण्यात आली आणि १९२७ सालापर्यंत इटलीने ती पुन्हा दगडातच उभी केली. गाडी पुलावर येते तेव्हा उजव्या बाजूच्या खिडकीशी किंवा डाव्या, कोठेही बसले तरी पाणी तोच पाचूचा रंग दाखवते. भाचा तेथून इटलीच्या गाडीने पुढे गेला, आणि जाताना माझ्याजवळचे उरलेले मेणाचे बोळे मागून घेऊन गेला, कारण महिन्याभराने त्याला पुन्हा एका मैफलीला जायचे होते.